शिमोन आणि मत्तय एकाच पंगतीला: ख्रिस्ती शिकवण, डावे-उजवे आणि चांद्याचा इतिहास



आजचा प्रश्न जुना आहे आणि वरवर पाहता आपल्या भागाचा वाटतही नाही. ख्रिस्ती शिकवण राजकारणात डावीकडे झुकते की उजवीकडे? अमेरिकेत या प्रश्नावर निवडणुका लढवल्या जातात. लॅटिन अमेरिकेत या प्रश्नापायी माणसं मारली गेली. पण चंद्रपूर-गडचिरोलीत ख्रिस्ती लोक अगदी मूठभर. मग इथे हा विषय कशाला काढायचा?

आमचं म्हणणं असं की तो इथेच काढायला हवा. जिथे ख्रिस्ती धर्म बहुसंख्यांचा आहे तिथे चर्च आणि सत्ता एकमेकांत इतकी गुंतलेली असतात, की शिकवण कुठे संपते आणि संस्थेची सोय कुठे सुरू होते हे कळत नाही. आपल्याकडे गर्दी कमी, माणसं मोजकी, कागदपत्रं बऱ्यापैकी शिल्लक. त्यामुळे धागे सुटे करून बघता येतात.

आधी शब्द नीट पाहू

'डावे' आणि 'उजवे' हे शब्द 1789 च्या फ्रेंच राष्ट्रसभेतून आले. राजाचे आणि चर्चचे अधिकार राखू पाहणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, बदल मागणारे डाव्या हाताला. म्हणजे गंमत बघा, या शब्दांच्या जन्माच्या वेळी चर्च ठरलेलंच उजवीकडे होतं. पण ते फ्रान्समधलं चर्च होतं. जमीनदार असलेलं, राजाच्या आश्रयाचं.

आपल्या भागात या शब्दांना वेगळेच अर्थ चिकटले आहेत. 1980 साली गोदावरी ओलांडून पीपल्स वॉरची पहिली दलं सिरोंच्याच्या बाजूने आली. त्याच वर्षीच्या 2 नोव्हेंबरला पेद्दी शंकर पोलिसांच्या गोळीने मारला गेला. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो याच पार्श्वभूमीवर. तेव्हापासून एटापल्ली-भामरागडकडे 'डावा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी बंदूक येते. आणि 'उजवा' म्हटलं की भारतात आज बहुतेकांच्या मनात हिंदुत्वाचं राजकारण येतं. मग कुटुंब, लग्न, गर्भपात या बाबतीत अगदी कर्मठ असलेला एखादा ख्रिस्ती माणूस आपल्याकडे 'उजवा' ठरत नाही, कारण त्या छावणीत त्याला जागाच नाही. अमेरिकेत तोच माणूस बिनदिक्कत उजवा म्हणवला जाईल.

म्हणून आपण एका प्रश्नाचे तीन करू. पहिला: जमीन आणि संपत्ती कोणाची? दुसरा: सरकारपुढे माणसाने किती वाकायचं? तिसरा: घर, कुळ, गाव, परंपरा यांचा माणसावर किती हक्क? या तिन्हींची उत्तरं एकाच बाजूला पडतील असं धरून चालायचं कारण नाही.

मूळ ग्रंथात काय आहे

येशूच्या बारा शिष्यांत एक होता मत्तय, जकातदार. रोमन सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून कर गोळा करणारा. आणि दुसरा होता शिमोन, ज्याला जिलोत म्हणत. या नावाने पुढे ओळखला गेलेला गट रोमन सत्ता हत्याराने उलथवू पाहणारा होता. आजच्या भाषेत एक सरकारी वसुली कर्मचारी आणि एक बंडखोर. दोघं एकाच पंगतीला. येशूने मत्तयाला जकातनाक्यावरून उठवलं, पण शिमोनाच्या हातात तलवारही दिली नाही.

आता तिन्ही प्रश्न या ग्रंथाला विचारून बघू. संपत्तीच्या बाबतीत त्याचा कल उघड आहे. लूकच्या शुभवर्तमानात मरियेच्या तोंडी जे स्तोत्र आहे त्यात सत्ताधीश गादीवरून खाली येतात आणि भुकेल्यांना मिळतं. नासरेथच्या सभास्थानात येशू आपल्या कामाची सुरुवात करतो ती दरिद्री आणि बंदिवान यांचं नाव घेऊन. प्रेषितांच्या कृत्यांत पहिली मंडळी जमीन विकून पैसा सामाईक करते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या शेवटच्या न्यायाच्या वेळी कोणी किती प्रार्थना केली हे विचारलंच जात नाही. भुकेल्याला जेवू घातलं का, परक्याला घरात घेतलं का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, एवढंच विचारलं जातं.

सरकारच्या बाबतीत मात्र ग्रंथ दोन्ही बाजूंनी बोलतो. कैसराचं कैसराला देण्याची गोष्ट आहे. पौलाचं रोमकरांस पत्र आहे, त्यात सत्ता देवानेच नेमलेली असल्याचं सांगितलं आहे. आणि त्याच ग्रंथात माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी म्हणून अधिकाऱ्यांचा हुकूम मोडणारे प्रेषितही आहेत. तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे घर-लग्नाच्या बाबतीत, घटस्फोटाविषयी येशू आपल्या काळातल्या अनेक गुरूंपेक्षा कडक आहे. पण आई-बाप आणि भावंडं सोडून मागे येण्याची मागणीही तोच करतो.

म्हणजे वचनं निवडून हवा तो पक्ष उभा करता येतो, आणि लोकांनी तसा केलाही. मग प्रत्यक्षात कोण कुठे उभं राहिलं हे ठरलं कशावरून? इथे आपण चांद्याकडे येऊ.

चांद्याचे पाद्री आणि करंजियाचा फकीर

1853-54 मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. 21 ऑक्टोबर 1858 ला बाबुराव शेडमाकेंना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यानंतरच्या दशकांत इथे स्थिरावलेल्या ब्रिटिश अमलाच्या मागोमाग स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन चांद्यात आलं. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मध्य प्रांतातल्या मिशनांनी अनाथ पोरं सांभाळली, हे विसरून चालणार नाही. चांद्याच्या या मिशनमध्ये अनेक वर्षं काम केलेल्या अलेक्झांडर वुड यांनी 1906 मध्ये चांद्यावर एक पुस्तकही लिहिलं. हेच वुड पुढे 1926 मध्ये नागपूरचे बिशप झाले. जंगलातला मिशनरी ते प्रांताच्या राजधानीतला बिशप, असा तो प्रवास.

आणि या बिशपांसमोर 1932 मध्ये एक तरुण येऊन उभा राहिला. व्हेरियर एल्विन. ऑक्सफर्डचा विद्वान, स्वतः एका बिशपचा मुलगा. 1927 मध्ये तो पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला, गांधींना भेटला आणि त्यांच्या चळवळीत ओढला गेला. ख्रिस्त आणि सत्याग्रह यांची सांगड घालणारं पुस्तक त्याने 1930 मध्येच लिहिलं होतं. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी त्याचं लक्ष गोंडांकडे वळवलं. शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्राला घेऊन तो मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला झोपडी बांधून राहिला. शाळा काढली, औषधपाणी केलं, कुष्ठरोग्यांची सेवा केली. मात्र गोंडांना ख्रिस्ती करायला तो तयार नव्हता.

मंडला नागपूरच्या बिशपांच्या हद्दीत. तिथे धर्मविधी चालवायचे तर बिशपांचा परवाना हवा. वुड यांनी परवान्यासाठी सम्राटाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ मागितली. एल्विनने ती घ्यायला नकार दिला. परवाना मिळाला नाही. पुढे 1935 मध्ये एल्विनने चर्चच सोडलं.

आता या गोष्टीत खलनायक शोधायचा मोह होतो. तो टाळू या. वुड यांनी या मातीत उमेदीची वर्षं घालवली होती; त्यांना गरिबांची पर्वा नव्हती असं म्हणायला काही आधार नाही. दोघांचा ग्रंथ एक, चर्च एक, दोघांच्या डोळ्यांपुढचे लोकही तेच, गोंड. तरी एक सम्राटाच्या बाजूला आणि एक सत्याग्रहाच्या बाजूला. का?

आमच्या मते याचं उत्तर शिकवणीपेक्षा हिशेबाच्या वहीत जास्त आहे. ब्रिटिश भारतात सरकारचं एक धर्मखातं होतं. त्यातून पाद्र्यांचे पगार भारताच्या महसुलातून जात. 1930 पर्यंत भारतातलं अँग्लिकन चर्च कायद्यानेच इंग्लंडच्या चर्चला जोडलेलं होतं. परदेशी मिशनरींकडून सरकार निष्ठेची हमी लिहून घेई. ज्याचा पगार, जागा आणि परवाना एका हातात असतो, त्याला पौलाचं रोमकरांस पत्र चटकन आठवतं. ज्याला काहीच सांभाळायचं नसतं त्याला मरियेचं स्तोत्र आठवतं. मात्र एल्विनच्याही मानेवर सुरी होतीच. 1932 मध्ये तो इंग्लंडला गेला, तेव्हा भारतात परतण्याची परवानगी त्याला मिळाली ती राजकारणापासून दूर राहण्याच्या अटीवर. ती अट त्याने मान्य केली. गोंडांमध्ये परत यायचं तर दुसरा रस्ता नव्हता.

वर्ध्याचा हिशेबनीस

चांद्याला लागून वर्धा. तिथल्या मगनवाडीत 1934 पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम चाले, आणि ते चालवत होते जे. सी. कुमारप्पा. मूळ नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस, तंजावरचं तमिळ ख्रिस्ती घराणं, मुंबईतले ऑडिटर, कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. मिठाच्या सत्याग्रहात लोकांवर लाठ्या पडत होत्या तेव्हा कुमारप्पांनी भारतातल्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख फॉस वेस्टकॉट यांना जाहीर विचारलं, की ख्रिस्ताच्या नावाने या हिंसेचा निषेध का होत नाही? वेस्टकॉट यांनी उलट कायदेभंगच ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नसल्याची भूमिका घेतली. पुन्हा तेच. एक ग्रंथ, दोन वाचनं.

पण कुमारप्पांना डाव्यांच्या रांगेत बसवायला जावं तर तेही जमत नाही. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक येशूच्या आचार-विचारावर आणि दुसरं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधींच्या प्रस्तावना आहेत. त्यांचा राग भांडवलशाहीवर जितका, तितकाच सगळं केंद्राच्या मुठीत घेणाऱ्या समाजवादावर. तेलाची घाणी, हातकागद, मधमाश्या यांवर गावाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा त्यांचा आग्रह. त्यांचे भाऊ भारतन कुमारप्पांच्या पुस्तकाचं नावच 'भांडवलशाही, समाजवाद की ग्रामवाद' अशा अर्थाचं आहे. म्हणजे आज आपण विचारतोय तो प्रश्न या दोन ख्रिस्ती भावांनी वर्ध्यात बसून विचारला होता, आणि दोन्ही बाकं नाकारली होती.

1956: बाबासाहेबांचा आक्षेप

इथवर ऐकून एखाद्याला वाटेल, की शिकवण चांगली आणि संस्था तेवढी वाईट. इतकं सोपं नाही. कारण आपल्याच भागात एका माणसाने आक्षेप घेतला तो थेट शिकवणीवर.

13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. त्यानंतर सर्व धर्मांच्या पुढाऱ्यांनी त्यांच्याकडे वाट वळवली; त्यात ख्रिस्ती बिशपही होते. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा पर्याय बारकाईने तपासला. त्यावरचं त्यांचं लिखाण त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही, पुढे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या ग्रंथमालेत आलं. त्यातला एक मुद्दा आज फार महत्त्वाचा आहे. अस्पृश्य माणसाला हिंदू धर्म सांगतो, की तुझी ही अवस्था तुझ्या पूर्वजन्मीच्या कर्माने झाली. तो ख्रिस्ती झाला की मिशनरी त्याला सांगतो, की ती तुझ्या आदिपुरुषाच्या पापाने झाली. दोन्हीकडे दोष त्याचाच किंवा त्याच्या पूर्वजांचा. ज्या समाजरचनेने त्याला चिरडलं तिचं नाव कुठेच नाही. मग ती बदलायची ऊर्मी त्याच्यात येणार कुठून? भारतातले ख्रिस्ती लोक अन्यायाविरुद्धच्या लढ्यात दिसत नाहीत, अशीही त्यांची तक्रार होती.

हा आक्षेप डावा-उजवा याच्या पलीकडचा आहे. धर्म कोणत्या पक्षाला मत द्यायला सांगतो यापेक्षा तो पिडलेल्या माणसाला त्याच्या दुःखाचं कारण काय सांगतो, हे बाबासाहेब तपासत होते. आमच्या मते हीच खरी कसोटी.

आणि बघा, 1956 या एका वर्षात आपल्या भागात काय काय घडलं. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने 1954 मध्ये नेमलेल्या समितीने ख्रिस्ती मिशनांवरचा आपला अहवाल 1956 मध्ये दिला. परदेशी पैशावर चालणारं धर्मप्रसाराचं काम म्हणजे पाश्चात्त्य वर्चस्व परत आणण्याच्या जागतिक धोरणाचा भाग, असा त्याचा सूर होता. धर्मांतरविरोधी कायद्यांचे समर्थक आजही तो अहवाल पुढे करतात. 14 ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला, आणि त्या दिवशी दीक्षा घेणाऱ्यांत खुद्द नियोगीही होते. 16 ऑक्टोबरला चांद्यात दुसरा दीक्षा सोहळा झाला. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा त्यात पुढाकार होता. 1 नोव्हेंबरला चांदा जिल्हा मुंबई राज्यात आला. 20 नोव्हेंबरला काठमांडूत बाबासाहेबांनी बुद्ध की मार्क्स या विषयावर भाषण केलं. 6 डिसेंबरला ते गेले.

धर्मांतराला राजकीय धोका मानणाऱ्या अहवालाचा अध्यक्ष स्वतः धर्मांतर करतो, हे आजच्या कुठल्याच छावणीच्या चौकटीत बसत नाही. इतिहास असाच असतो. चौकटी आपण नंतर ठोकतो.

पुढे कायद्यानेही एक भेद केला. 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. मग शिखांना मिळाला, 1990 मध्ये बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. आदिवासींच्या दर्जाला मात्र धर्माची अट नाही. धर्मांतरित आदिवासींना यादीतून काढा, ही 'डिलिस्टिंग'ची मागणी त्यातूनच आली. म्हणजे राजकारणात ख्रिस्ती माणूस कुठे उभा राहील हे पुष्कळदा शाळेच्या दाखल्यावर आणि जात-प्रमाणपत्रावर ठरतं.

केरळहून आलेलं चर्च

1962 मध्ये चांद्यासाठी सायरो-मलबार कॅथलिक चर्चचा स्वतंत्र विभाग निघाला आणि तो केरळच्या सीएमआय धर्मसंघाकडे सोपवला गेला. 1977 मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. म्हणजे स्कॉटलंड गेलं, केरळ आलं.

केरळमध्ये तेव्हा नुकतंच काय झालं होतं ते आठवा. 1957 मध्ये ईएमएस नंबुद्रीपाद यांचं कम्युनिस्ट सरकार मतपेटीतून निवडून आलं. त्याने शिक्षण विधेयक आणि जमीन सुधारणांचं विधेयक आणलं. चर्चच्या शाळा आणि अनेक सधन ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या जमिनी, दोन्हींना धक्का. कॅथलिक चर्च, नायर सेवा संघटना, मुस्लिम लीग आणि काँग्रेस रस्त्यावर उतरले. 31 जुलै 1959 ला केंद्राने ते सरकार बरखास्त केलं. त्या आंदोलनात चर्च सरळ उजव्या बाजूला होतं, कारण त्याच्याकडे राखण्यासारखं काहीतरी होतं.

त्याच केरळच्या किनाऱ्यावर 1980 च्या दशकात ट्रॉलरविरोधी मच्छीमार आंदोलनात धर्मगुरू आणि नन्स उपोषणाला बसल्या. फादर थॉमस कोचेरी हे त्यातलं मोठं नाव. चर्च तेच, प्रश्न वेगळा, बाजू वेगळी. गोव्यात रापणकारांच्या लढ्याचे नेते माथानी सालढाणा त्याच मच्छीमार चळवळीतले. ते 2012 मध्ये भाजपच्या तिकिटावर निवडून येऊन मंत्री झाले. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी बिल्डर आणि गुंडांशी लढा दिला. त्याला डावं म्हणायचं की गावाची जुनी वाडी राखणारं म्हणून उजवं? दोन्ही म्हणता येतं, म्हणजे दोन्ही शब्द तोकडे पडतात.

आज: ग्रामसभा आणि स्मशान

आता वर्तमानाकडे येऊ, कारण विषय इथे सर्वांत अवघड होतो.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. आमच्या गावात आम्हीच सरकार, ही तिथली घोषणा देशभर गेली. सुरजागडच्या लोहखनिज खाणीला विरोध करताना अनेक ग्रामसभांनी 1996 चा पेसा आणि 2006 चा वनहक्क कायदा पुढे केला. डोंगरावरच्या ठाकूरदेवाचं ठाणं हाही त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे इथे परंपरा आणि देवस्थान हे बड्या भांडवलाविरुद्धचं हत्यार झालं. पुण्या-मुंबईचे डावे याच्या बाजूने उभे राहिले, आणि ते योग्यच होतं.

पण इंद्रावती ओलांडून बस्तरमध्ये गेलं की हाच गावाचा अधिकार दुसरं रूप घेतो. गावच्या देवाची वर्गणी न देणाऱ्या, पूजेला न येणाऱ्या ख्रिस्ती घरांवर बहिष्कार पडतो. मेलेल्या माणसाला गावात पुरू दिलं जात नाही. बस्तरच्या एका गावातल्या पास्टरचा मृतदेह जानेवारी 2025 मध्ये तीन आठवड्यांच्या आसपास शवागारात पडून होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 27 जानेवारीला दोन न्यायाधीशांची मतं वेगवेगळी पडली. एकांचं म्हणणं, स्वतःच्या शेतात पुरू द्या. दुसऱ्यांचं, ख्रिस्त्यांसाठी नेमलेल्या जागीच. शेवटी गावापासून वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा निर्देश निघाला.

इथे डाव्या चष्म्याची पंचाईत होते, कारण ग्रामसभेचा अधिकार ज्यांना प्यारा त्यांनाच अंतःकरणाचं स्वातंत्र्यही प्यारं आहे. उजव्या चष्म्याचीही होते, कारण गावाची परंपरा अबाधित म्हणणाराच खाणीच्या वेळी त्याच परंपरेला विकासातला अडथळा म्हणतो. आणि चर्चचीही होते. पेनाची पूजा, गोटुल, कुळाची नाती यांना सैतानी म्हणणारा एखादा प्रचारक गाव फोडून जातो, आणि त्याची किंमत मागे राहिलेलं गरीब घर भरतं. एल्विनला याच गोष्टीची भीती होती. पुढे त्याने आदिवासी भागातल्या मिशनांच्या विरोधात लिहिलं ते त्यामुळेच.

मग शिकवण इथे काय सांगते? आपण आधी पाहिलेल्या न्यायाच्या दृश्यात एक शब्द होता, परका. परक्याला आत घेतलं का? ही कसोटी गावालाही लागते आणि प्रचारकालाही. ज्या गावाने आपल्याच माणसाला मेल्यावर परकं केलं ते तिच्यात नापास होतं. आणि जो प्रचारक माणसाला त्याच्या आईबापांपासून तोडून परकं करतो तोही.

दुसरा शब्द होता, तुरुंगातला. फादर स्टॅन स्वामी, झारखंडमधले येशूसंघी धर्मगुरू, तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी कोर्टात गेले होते. 8 ऑक्टोबर 2020 ला एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली. वय 83, अंगात कंपवात. बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा आरोप त्यांनी नाकारला. तो सिद्ध व्हायच्या आधीच 5 जुलै 2021 ला मुंबईत कोठडीत असतानाच रुग्णालयात ते गेले. सरकारच्या लेखी ते कडवे डावे. त्यांच्या धर्मसंघाच्या लेखी ते मत्तयाचा पंचविसावा अध्याय पाळणारे पाद्री. तुरुंगातल्याला भेटायला जाणं हे काम आपल्याकडे कुठल्या बाजूला मोजलं जातं, ते यावरून कळतं.

मग उत्तर काय?

काही जण म्हणतील, शिकवण दोन्हींच्या वर आहे, तटस्थ आहे. आम्हाला ते पटत नाही. संपत्तीच्या प्रश्नावर ती तटस्थ नाही. ती भुकेल्याच्या बाजूने बोलते आणि तिथे तिचा सूर डाव्यांशी जुळतो. घर आणि लग्न यांवर ती पुष्कळदा परंपरेच्या जवळ जाते. आणि सरकारच्या बाबतीत ती कुठल्याच झेंड्याला पूर्ण निष्ठा देऊ देत नाही, मग तो युनियन जॅक असो, लाल बावटा असो की आणखी कुठला. म्हणून कुठल्याही पक्षाला ख्रिस्ती माणूस पूर्ण आपला वाटू नये, आणि वाटला तर त्या माणसाने काहीतरी सोडून दिलं आहे असं समजावं.

चांद्याचा इतिहास याच्या पुढचं सांगतो. चर्च कुठे बसलं हे त्याच्या ग्रंथावरून क्वचितच कळतं. पगार कुठून येतो, परवाना कोण देतो, शाळेची जमीन कोणाच्या नावावर आहे, आणि भीती कोणाची वाटते, यावरून ते बहुतेक वेळा कळतं. हे फक्त चर्चला लागू नाही. देवस्थान, मठ, वक्फ, विहार, सगळ्यांना हाच हिशेब लावून बघा.

आणि बाबासाहेबांचा प्रश्न अजून उभाच आहे. ख्रिस्ती असो वा दुसरा कुठला, आपला धर्म चिरडलेल्या माणसाला त्याच्या दुःखाचं कारण काय म्हणून सांगतो? दोष त्याच्याच माथी मारतो की त्याला चिरडणाऱ्या रचनेचं नाव घेतो? शिमोन आणि मत्तय एका पंगतीला बसू शकले, कारण तिथे दोघांनाही आपापलं जुनं काम सोडावं लागलं होतं. आज आपल्या गावातली, आपल्या मंडळीतली पंगत कशी बसते ते पाहावं, आणि त्यावरून आपापलं उत्तर काढावं.

आम्ही इथे थांबतो. काही प्रश्न असतील तर आता घेऊ.